लेकरू जेवत नाही, मग करायचं काय?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

शेतातून परत येऊन आता चुलीपुढं बसलेल्या, एका हातानं भाकरी थापत रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणींना माझा नमस्कार.

मी अंगणवाडीत काम करते. दर महिन्याला गावातल्या लहान लेकरांची वजनं घेते. लेकरू काट्यावरून खाली उतरवलं की बहुतेक आया एकच तक्रार सांगतात. "बाई, ह्ये काय बी खात न्हाई बघा. मागं लागून लागून जीव जातो." आज याच तक्रारीवर बोलायचं आहे. एक ते तीन वर्षांचं लेकरू जेवायला त्रास देतं तेव्हा काय करायचं, आणि आपल्या सोलापूरच्या घरात जे आहे त्यातूनच, फार खर्च न करता, त्याला काय खायला घालायचं.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण अशी गोष्ट प्रत्येक गावात असते.

एक मुलगी होती, एक वर्ष दहा महिन्यांची. सलग तीन महिने तिचं वजन ८ किलो ६०० ग्रॅमवरच अडकलं होतं. वजन कमी झालं नव्हतं, म्हणून घरचे निश्चिंत होते. पण वय वाढतं तसं वजनही वाढायला हवं. तीन महिन्यांपूर्वी तेवढ्याच वजनाला ती तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात होती, आता पिवळ्या पट्ट्यात उतरली. आई रडकुंडीला आलेली. सासूबाई म्हणत होत्या, "हिला भरवायचंच कळत न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या तोंडात जे जे गेलं ते सगळं सांगा. सगळ्यांनी मिळून सांगितलं. सकाळी उठल्यावर आजीबरोबर अर्धा कप चहा आणि चार बिस्किटं. नऊ वाजता आईनं भाकरी-भाजी द्यायला घेतली, तर तिनं तोंड फिरवलं. दहा वाजता आबांनी दुकानात नेऊन पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा दिला. बारा वाजता बाटलीभर दूध. दुपारी वरणभाताचे दोन घास. चार वाजता पुन्हा चहा आणि टोस्ट. संध्याकाळी काका आला, त्यानं दुसरा पुडा आणला. रात्री जेवताना रडारड, मग पुन्हा बाटलीभर दूध आणि झोप.

मी वही त्यांच्यापुढं ठेवली. लेकरू उपाशी नव्हतंच. त्याचं पोट दिवसभर भरलेलं होतं. पण अंगाला लागेल, रक्त वाढेल असं त्यात फार थोडं होतं. आई हळूच म्हणाली, "म्हंजी बाई, माझं एकटीचं चुकलं न्हाई." मी म्हटलं, एकटीचं नाही. घरातले पाच हात त्या लेकराला खाऊ घालतात, तर पाचही हातांना हे कळायला पाहिजे.

वर्षानंतर भूक का मंदावते?

जन्मताना लेकरू साधारण ३ किलोचं असतं. नीट वाढलं तर एक वर्षाचं होईपर्यंत ९ किलोच्या आसपास होतं. म्हणजे पहिल्या वर्षात ६ किलो वाढ. दुसऱ्या वर्षात मात्र वाढ होते फक्त दोन-अडीच किलो. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. दहा महिन्यांचं असताना वाटी चाटूनपुसून खाणारं लेकरू दीड वर्षाचं झाल्यावर चार घासांत उठतं, यात बिघडलेलं काही नसतं.

त्यात ते चालायला लागलेलं असतं. शेळी, कोंबडी, शेजारचं पोर, सगळं त्याला बघायचं असतं. एका जागी बसून जेवणं त्याला नको वाटतं.

आणखी एक कारण आहे. या वयात लेकरं नवीन पदार्थाला घाबरतात. काल आवडीनं खाल्लेलं आज नको म्हणतात. हा हट्टीपणा नाही. नुकतंच चालायला लागलेलं लेकरू दिसेल तो पाला, दिसेल ते फळ तोंडात घालू लागलं तर घात होईल, म्हणून निसर्गानंच ही सावधगिरी दिली असावी असं जाणकार सांगतात. कडू चव तर लहानांना मोठ्यांपेक्षा जास्त लागते. म्हणून मेथी पाहिली की तोंड वाकडं होतं.

आता पोटाचा हिशोब बघा. लेकराच्या वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिली एवढी जागा त्याच्या पोटात असते. म्हणजे १० किलोच्या लेकराचं पोट ३०० मिलीचं, आपल्या दोन वाट्या. जेवणाआधी त्यात कपभर चहा आणि पाणी गेलं, तर भाकरीला जागा कुठं राहणार?

मोठ्यांचं काम आणि लेकराचं काम

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकेतल्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी एक साधी वाटणी सांगितली आहे. ती आपल्या घरातही चालते. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठं बसवून द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, हे लेकरानं ठरवायचं.

आपल्याकडं नेमकं उलटं होतं. काय खायचं ते लेकरू ठरवतं, दुकानाकडं बोट दाखवून. आणि किती खायचं ते आपण ठरवतो, नाक दाबून.

ही वाटणी रोज पाळायची तर एवढं करा.

दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोन वेळा खाऊ, असं ठरवून टाका. दोन खाण्यांच्या मधे दोन-अडीच तास जाऊ द्या. त्या वेळात फक्त पाणी. अंगावर पीत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही जरूर पाजा, पण जेवणाच्या तोंडावर नको.

घरातलं कुणीतरी जेवत असेल तेव्हाच त्याला शेजारी बसवा. त्याची वेगळी ताटली ठेवा. स्वतःच्या हातानं खाऊ द्या. सांडेल, अंगाला माखेल, चालतं. सांडलेलं कोंबड्या टिपतील.

वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढ्यात खाल्लं तर ठीक. नाही खाल्लं तर न रागावता ताटली उचला. पुढच्या वेळेला पुन्हा द्या. मधे "काहीच खाल्लं न्हाई गं" म्हणून बिस्किट दिलंत, तर लेकरू एकच शिकतं, की भाकरी नाकारली की बिस्किट मिळतं.

मोबाईल दाखवून भरवू नका. लेकरू चित्रं बघत गिळत राहतं, पोट भरलं की नाही हे त्याला कळत नाही. धाक दाखवून, मारून तर कधीच नको. ज्या ताटापुढं मार बसतो ते ताट बघूनच लेकरू रडायला लागतं.

नवीन पदार्थ एकदा नाकारला म्हणून सोडून देऊ नका. चिमूटभर द्या, ओळखीच्या पदार्थाशेजारी द्या. आठ-दहा वेळा समोर आला की पुष्कळ लेकरं तो चाखून बघतात. पहिल्यांदा नुसतं हात लावेल, दुसऱ्यांदा चाटून थुंकेल. तेही शिकणंच आहे.

चहा, पुडा आणि बाटली

लेकराची भूक मारणाऱ्या या तीन गोष्टी.

पहिली चहा. "थोडा दिला तर काय हुतंय, दूधच जास्त हाय त्यात," असं आजी म्हणतात. पण चहात टॅनिन असतं. ते जेवणातलं लोह अंगात लागू देत नाही. लोह लागलं नाही की रक्त कमी होतं. रक्त कमी झालं की भूक आणखी मंदावते, लेकरू किरकिरं होतं, खेळताना दमतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत, आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० लेकरांमागं जवळजवळ ६९ लेकरांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणून एवढ्या लहान वयात चहा नकोच.

दुसरी गोष्ट पुडा. त्यात मीठ, तेल आणि पीठ. चव जिभेवर इतकी तेज लागते की त्यापुढं वरण बेचव वाटतं. आबांचं प्रेम आपण थांबवू शकत नाही, पण ते वळवू शकतो. दुकानातून आणायचंच असेल तर एक केळं आणा, राजगिऱ्याचा लाडू आणा. तोही कुस्करून द्या.

तिसरी गोष्ट दुधाची बाटली. दूध चांगलंच आहे, पण वर्षानंतर दिवसभरात ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. दुधात लोह अगदी थोडं असतं. दुधावरच पोट भरणारं लेकरू वरून गुबगुबीत दिसतं आणि आतून फिकट असतं. बाटली नीट स्वच्छ होत नाही, त्यातून जुलाब लागतात. दूध वाटीनं किंवा कपानं द्या.

डब्यातली पावडर घ्यायची का?

हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. टीव्हीवर बघून काही घरांत उसनवारी करून पावडरीचा डबा आणतात. हिशोब करून बघू.

एक ते तीन वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण साडेबारा ग्रॅम प्रथिनं लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हा आकडा आहे. आता एका अंड्यात ६ ग्रॅम. अर्धी वाटी घट्ट वरणात ४ ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३ ग्रॅम. कपभर दुधात ५ ग्रॅम. बेरीज झाली १८. गरजेपेक्षा जास्तच. अंडं न खाणाऱ्या घरातही उरलेल्या तिन्हींत मूठभर शेंगदाण्याचं कूट घातलं की भागतं. निरोगी लेकराला डब्याची गरज नाही.

आता दुसरा हिशोब. पाच रुपयांचे दोन पुडे रोज, म्हणजे दिवसाला १० रुपये, महिन्याला ३०० रुपये. अंडं सात रुपयाला धरलं तरी महिन्याची ३० अंडी २१० रुपयांत येतात. उरलेल्या ९० रुपयांत अर्धा किलो शेंगदाणे आणि थोडी केळी येतील. पैसा तोच. पुड्यात घातला की कागद उरतो, अंड्यात घातला की लेकराच्या अंगाला लागतो.

आपल्या घरातलं धान्य

आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडीचा एम ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला, त्यातला 'एम' मालदांडीचाच. २०२३ साल तर सगळ्या जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं. शहरातले लोक आता ज्वारीचं पीठ शोधत फिरतात, आणि आपण लेकराच्या हातात मैद्याचं बिस्किट देतो.

ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. तिच्या जोडीला डाळ किंवा हुलगा किंवा मटकी आली की दोघींची कमतरता भरून निघते. वरून थोडं लिंबू पिळलं की धान्यातलं, पाल्यातलं लोह अंगाला चांगलं लागतं.

एक चूक मात्र बघते. "लेकराला डाळीचं पाणी देते" असं पुष्कळजणी सांगतात. डाळीच्या पाण्यात पाणीच जास्त. लहान पोटात जागा कमी, म्हणून जे जाईल ते घट्ट पाहिजे. चमचा तिरपा केला तर घास लगेच ओघळू नये, एवढं घट्ट. आणि वाटीत चमचाभर तेल किंवा तूप घाला. थोड्या घासात जास्त ताकद जाते.

आता काही पदार्थ सांगते. सगळे घरच्या स्वयंपाकातूनच निघणारे. तिखट घालायच्या आधी लेकराचं वेगळं काढायचं, एवढंच लक्षात ठेवा.

पहिला, ज्वारीच्या कण्या. ज्वारी भरड दळून आणा. अर्धी वाटी कण्या रात्री भिजत घाला. सकाळी तीन वाट्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून अगदी मऊ होईपर्यंत शिजवा. कोमट झाल्यावर ताजं ताक घाला, वर तुपाचा थेंब. गोड आवडत असेल तर ताकाऐवजी दूध आणि थोडा गूळ. दात कमी असलेलं लेकरूही हे खातं.

दुसरा, भाकरीचा काला. ताजी, मऊ भाकरी बारीक कुस्करा. घट्ट वरण किंवा तिखट न घातलेली शेंगदाण्याची आमटी त्यावर ओता आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. भाकरी मुरली की लेकराला चावायला त्रास होत नाही. "भाकरी खात न्हाई" म्हणणाऱ्या पुष्कळ लेकरांना भाकरी नको नसते, ती कोरडी नको असते.

तिसरा, पाल्याचं धिरडं. वाटीभर ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, मूठभर बारीक चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला, जिरं, हळद, मीठ. पातळसर कालवून तव्यावर थोड्या तेलात घाला, झाकण ठेवून दोन्हीकडून शिजवा. अंडं चालत असेल तर पिठात एक फोडून टाका. मग बोटाएवढ्या पट्ट्या कापून द्या. हातात धरून खाता येतं म्हणून लेकरांना आवडतं. मेथी कडू लागली तर आधी शेवग्यानं किंवा पालकानं सुरुवात करा.

चौथा, मऊ शेंगोळे. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण आणि मीठ घालून मळा. घरच्यांसाठी नेहमीचे वळा, लेकरासाठी अगदी बारीक वळा. उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवा. बोटानं दाबल्यावर मोडले पाहिजेत. रसासकट कुस्करून द्या. हुलग्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि कोरडवाहू रानात तो पिकतो.

पाचवा, शेंगदाण्याचा लाडू. शेंगदाणे भाजून सालं काढून अगदी बारीक कूट करा. गूळ आणि भाजलेलं ज्वारीचं पीठ मिसळून छोटे मऊ लाडू वळा. शेंगदाणे निवडताना बुरशी आलेले, काळे, कडू लागणारे काढून फेका, त्यात विषारी घटक असू शकतो. पहिल्यांदा देताना अगदी थोडं द्या आणि अंगावर पुरळ किंवा ओठांना सूज येते का ते बघा.

सहावा, मोडाच्या मटकीची मऊ उसळ. मोड आलेली मटकी हळद-मीठ घालून चांगली शिजवा, पळीनं घोटा, वर लिंबू पिळा. भाताबरोबर द्या. एक सावधगिरी सांगते, मोड मटकीला, मुगाला, नाचणीला आणा, पण ज्वारीला मोड आणून खाऊ घालू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी अंश असतो. जनावरांना कोवळी ज्वारी बाधते, ते आपल्याला माहीतच आहे.

सातवा, अंडं. उकडून वरणभातात कुस्करा, किंवा कांदा घालून भुर्जी करा. अंडं मात्र पूर्ण शिजलेलं पाहिजे.

फळांचं म्हणाल तर महाग सफरचंद आणायची गरज नाही. केळं, पेरू, पपई, चिक्कू, जे मोसमात स्वस्त ते. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे, पण बाजारात न जाणारं डागी डाळिंब चवीला तितकंच चांगलं असतं. दाणे चिरडून द्या.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटाबद्दलही सांगते. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी ते घरी नेण्यासाठी दिलं जातं. नुसतं शिजवून आवडत नसेल तर त्याचं धिरडं करा, शिऱ्यासारखं भाजा, लाडू वळा. पण ते लेकराच्याच पोटात जाऊ द्या, म्हशीच्या नको.

हे मात्र अख्खं देऊ नका

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, बी असलेलं बोर, अख्खं द्राक्ष, गोळ्या, सुक्या खोबऱ्याचे तुकडे. हे श्वासनलिकेत अडकतात आणि लेकरू मिनिटांत गुदमरतं. पाच वर्षांपर्यंत हे जपायचं. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करा. बोराची बी काढा. बेदाणे भिजवून बारीक चिरा. धावता धावता, हसता रडता घास देऊ नका. लेकरू बसलेलं असावं आणि मोठं माणूस जवळ असावं.

आई रानात, लेकरू आजीपाशी

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही सकाळी खुरपायला जातो ते सांजच्याला येतो, हे सगळं कधी करायचं? खरं आहे. म्हणून सकाळी भाकऱ्या करतानाच लेकराचा डबा भरा. काल्यासाठी भाकरी, झाकणाच्या भांड्यात घट्ट वरण, दोन लाडू, एक केळं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, नीट सांगून जा, की दहाला लाडू, बाराला काला, चारला केळं, मधे काही नाही. उन्हाळ्यात वरण फार वेळ ठेवू नका. दुपारी आजींना ताजं गरम करता येत असेल तर उत्तम.

आजींना दोष देऊन काम होत नाही. त्यांनीही आठ-दहा माणसांच्या घरात लेकरं वाढवली आहेत. त्यांना विचारा, "आत्या, तुमच्या वेळी लेकराला काय देत होता?" त्या कण्या सांगतील, हुलग्याचं माडगं सांगतील. बिस्किटाचं नाव त्यात क्वचितच येईल.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

चार घास कमी खाणारं पण खेळणारं, वजन वाढणारं लेकरू ठीक असतं. पण पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका. सलग दोन-तीन महिने वजन वाढलं नाही. दंडाची पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आली, आणि साडेअकराच्या खाली आली तर त्याच दिवशी. दोन्ही पायांवर सूज आली. तळवे, ओठ पांढुरके दिसतात. माती, चुना खातं. प्रत्येक घासाला ठसका लागतो. जुलाब किंवा ताप थांबत नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. माती खाणं ही वाईट खोड म्हणून मारू नका, ते पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं.

सरकारी आरोग्य सेवेतून सहा महिन्यांच्या पुढच्या लेकरांना लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली द्यायचं असतं. एक वर्षानंतर वर्षातून दोनदा जंताचं औषध, आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व 'अ'चा डोस. आशाताईंना विचारा, तुमच्या लेकराचं कोणतं राहिलं आहे. जंत असतील तर तुम्ही कितीही चांगलं खाऊ घाला, त्यातला वाटा ते नेतात.

गटात करता येईल असं एक काम

आता त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगते. पहिला आठवडा फार कठीण गेला. चहा बंद केला म्हणून ती रडली. आबा दोनदा गुपचूप दुकानात घेऊन गेले. मग मी त्यांनाच एक काम दिलं, की रोज चार वाजता तुम्ही तिला केळं सोलून द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही. त्यांना ते आवडलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं आजीच्या ताटातलं धिरडं स्वतःहून ओढून घेतलं. पहिल्या महिन्यात वजन फक्त १०० ग्रॅम वाढलं. दुसऱ्या महिन्यात ३०० ग्रॅम. ती पुन्हा हिरव्या पट्ट्यात यायला चार महिने लागले. भाजी ती अजूनही निवडून बाजूला काढते. पण आता घरात तिच्या जेवणावरून भांडण होत नाही, आणि तिची आई वजनाच्या दिवशी तोंड लपवून मागं उभी राहत नाही.

तुमच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. जिच्या घरी एक ते तीन वर्षांचं लेकरू आहे, तिनं एका दिवसाची वही लिहून आणायची. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. चहा किती वेळा, पुडा किती, बिस्किट किती, भाकरी-वरण किती. सगळ्याजणींनी मिळून ती वाचायची, आणि कुणीही कुणाच्या सुनेला नावं ठेवायची नाहीत. मग प्रत्येकीनं एकच गोष्ट बदलायची. कुणी चहा सोडवेल, कुणी बाटली, कुणी पुड्याच्या जागी अंडं आणेल. महिन्यानं पुन्हा वजन करायला या. मी काटा घेऊन तुमची वाट बघत असेन.